मेंदूत नव्या पेशी बसवल्या तर बाबांना आठवेल का?

व्यसनमुक्तीच्या कामात हा प्रश्न घरची माणसं फार आशेने विचारतात. एक ताई वडिलांना घेऊन आल्या होत्या. दारू सुटलेली, पण सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. मी विचारलं, “काका, काल काय केलंत?” ते लगेच म्हणाले, “पंढरपूरला जाऊन आलो. गर्दी फार होती हो.” काका काल दिवसभर घरातच होते. ताईंना रडू फुटलं. “दारू सुटली, खोटं बोलणं सुटलं नाही.”

हे खोटं नव्हतं. वर्षानुवर्षं दारू आणि पोटात धड अन्न नाही, म्हणून शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी पडतं. नवी आठवण पक्की करणारे मेंदूचे भाग त्याने जखमी होतात. मग मेंदू मोकळ्या जागा स्वतःच भरतो आणि माणसाला ते खरंच घडल्यासारखं वाटतं. याला कोर्साकोव्हचा आजार म्हणतात. एवढं समजल्यावर ताईंचा बापावरचा राग निवळला. माझ्या मते निम्मं काम तिथेच झालं.

मूलपेशींच्या, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींच्या, उपचारासाठी त्या जमीन विकायला निघाल्या होत्या. “लंडनमध्ये प्रयोग झालाय ना?” झालाय. १९८८ मध्ये तिथले शास्त्रज्ञ जेफ्री ग्रे आणि सहकाऱ्यांनी दारूने स्मृती बिघडलेल्या उंदरांच्या मेंदूत गर्भातल्या उंदरांच्या पेशी बसवल्या, आणि त्यांची स्मरणशक्ती सुधारली. पण ते उंदीर होते. माणसासाठी असा मान्य उपचार आजही नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमांनुसार रक्ताचे काही आजार वगळता मूलपेशी फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात, आणि चाचणीचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो. कोणी लाखांचं पॅकेज सांगत असेल तर तिथून उठून या.

जमीन वाचली. मानसोपचारतज्ज्ञांनी थायमिन सुरू केलं. घरात एक फळा लागला: आजचा वार, जेवण, गोळी, कोण येणार. “आठवतंय का?” अशी परीक्षा घेणं बंद, सरळ सांगायचं. सुधारणा सावकाश होते, वर्ष-दोन वर्षं होत राहते, काहींमध्ये फारशी होतही नाही. काका आता फळा वाचून स्वतः गोळी घेतात. नातवाच्या शाळेचं नाव मात्र अजून राहत नाही.

तुमच्या घरी कोणी अजून पीत असेल आणि चालताना झोक जाणं, डोळे थरथरणं, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं, तर “उतरेल” म्हणून थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या, दारूचं लपवू नका आणि ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिनचं इंजेक्शन दिलं का, ते विचारा. त्या टप्प्यावर स्मृती वाचवता येते.