वाचकांचे प्रश्न : रोबोरॅलीच्या पटावर सहा भावंडे

प्रश्न : आम्ही सहा चुलत-मावस भावंडे दर वर्षी चवथीला फोंडा तालुक्यातील आमच्या मूळ घरी जमतो. आरत्या आटोपल्यावर पूर्वी रात्री पत्ते खेळत असू. गेली दोन वर्षे ‘रोबोरॅली’ हा पानांवरच्या सूचनांनी आपापला रोबो चालवण्याचा पटावरचा खेळ खेळतो. आमच्याजवळ सर्वांची मिळून ८४ पाने असलेली जुनी आवृत्ती आहे. चार निशाणे मांडली की पहाटेचे दोन वाजतात, ज्याचा रोबो आधी संपतो तो जांभया देत बसतो, आणि कोणाचा रोबो आधी सरकला यावरून दर वेळी वाद होतो. शिवाय थोरला भाऊ प्रत्येकाला कोणते पान लावायचे ते सांगत असतो. नियम बदलावेत काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नियमांना हात लावण्याआधी आपण मांडणी बदलावी. रिचर्ड गारफील्ड यांचा हा खेळ १९९४ मध्ये बाजारात आला, तेव्हापासून पटावरचे लेझर आणि खड्डे पाहून पुष्कळ जण त्याला लढाई समजत आले आहेत, परंतु निशाणांना ठरल्या क्रमाने जो प्रथम शिवतो तोच येथे जिंकतो. दुसऱ्याचा रोबो मोडल्याबद्दल काहीही मिळत नाही. आपल्या घरी पहिल्या निशाणाकडे जाण्याऐवजी मागच्या वेळचा सूड उगवण्यात निम्मी रात्र जात असावी, असा माझा अंदाज आहे. एकच पट आणि दोनच निशाणे घ्या; जिवांची मोजणी सोडून द्या आणि मोडलेला रोबो नुकसानीच्या दोन चकत्या घेऊन, त्याने शेवटी नोंदवलेल्या घरापासून कितीही वेळा परत येऊ द्या. नियमांत एवढी एकच सूट मी देईन, कारण तिच्यामुळे कोणी रिकामा बसत नाही.

वादाचे मूळ मात्र बहुधा क्रमात आहे. प्रत्येक जण पाच पाने पालथी लावतो, पण ती पाच सलग खेळायची नसतात: सर्वांचे पहिले पान एकदम उघडायचे, त्यातील मोठ्या आकड्याचा रोबो आधी हलवायचा, मग लहान आकड्याचा. सगळे रोबो हलल्यावर आधी जलद सरकते पट्टे एक घर चालतात, मग जलद आणि साधे दोन्ही पट्टे मिळून एक घर; त्यानंतर ढकलणारे दांडे, मग चक्रे, मग लेझर, आणि शेवटी कोण निशाणावर उभा आहे ते पाहायचे. हे सर्व पाचही पानांसाठी पाच वेळा होते. समजा, आपल्या रोबोसमोर लगतच्या घरात भावाचा रोबो उभा आहे. आपण ७०० क्रमांकाचे ‘दोन घरे पुढे’ लावले आणि त्याने २५० क्रमांकाचे वळण्याचे पान. आपला आकडा मोठा, म्हणून वाटेत भिंत नसेल तर आपला रोबो त्याला दोन घरे ढकलत नेईल, आणि तो वळेल तो त्या नव्या जागी. ती जागा पट्ट्याची असेल तर तो तेथूनही पुढे वाहून जाईल. त्याची उरलेली चार पाने जुन्या जागेचा हिशेब धरून लावलेली असतात, आणि ती बदलता येत नाहीत. येथेच भावंडे चिडतात, पण खेळाची सगळी गंमतही येथेच आहे. हा क्रम मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पटाशेजारी ठेवावा आणि दर फेरीत एकाने तो मोठ्याने वाचावा.

पाने वाईट आली, ही तक्रारही आपल्याकडे होत असणारच. ८४ पैकी ४२ पाने केवळ वळण्याची आहेत आणि ४२ पुढे-मागे जाण्याची. तीन घरे एकदम पुढे नेणारी त्यात फक्त सहा. तेव्हा दर फेरीला वाटून आलेल्या नऊ पानांत सरळ वाट क्वचितच मिळते, आणि भिंतीला धडकून जागच्या जागी राहणे ही देखील एक चाल आहे, हे नवख्यांना आधीच सांगावे. प्रत्येक चकतीमागे पुढच्या वेळी एक पान कमी मिळते आणि पाचव्या चकतीपासून शेवटच्या जागेपासून एकेक पान अडकू लागते, म्हणजे तेच पुढच्या फेरीतही खेळावे लागते. म्हणून चार चकत्या झाल्या की रोबो बंद ठेवण्याची घोषणा करावी. पुढच्या फेरीच्या आरंभी सगळे नुकसान पुसले जाते. त्या फेरीत पट्टे, धक्के व लेझर लागू राहतात, एवढे ध्यानात ठेवून सुरक्षित घरी थांबावे. नवखे खेळाडू यात कमीपणा मानतात आणि सहाव्या चकतीला गयावया करतात.

थोरल्या भावाबद्दल : पाने लावताना बोलायचे नाही, असे ठरवून टाकावे. पाच जणांची पाने लावून झाली की सहाव्यासाठी ३० सेकंदांचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे. वेळ संपल्यावर त्याच्या रिकाम्या जागा न पाहता भरल्या जातात. सल्ला देता देता त्याचीच पाने एकदा अशी भरली गेली की तो आपोआप गप्प होईल. (चवथीच्या दिवसांतल्या दमट हवेत पाने चिकटतात व वाकतात, त्यांना प्लास्टिकची पाकिटे घालावीत, नाहीतर वाकलेले पान पाठीवरून ओळखता येते.)

प्रश्न : आम्ही चौघे मित्र ‘बॅटलटेक’ हा अवजड युद्धयंत्रांच्या लढाईचा पटावरचा खेळ घेऊन बसलो. प्रत्येकी चार यंत्रे घेतली; एका दिवसात तीन फेऱ्याही झाल्या नाहीत. चूक कोठे झाली?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : सोळा यंत्रांचे कवच, दारूगोळा आणि उष्णता नवशिक्या चौघांनी सांभाळणे कठीणच. १९८४ पासून चालत आलेल्या या खेळात हिशेब हाच खेळ आहे : नेहमीच्या यंत्रात १० उष्णता शोषण्याची सोय असते आणि पीपीसी ही कणांचा झोत सोडणारी एकच तोफ डागली की ती सगळी खर्ची पडते, शिवाय धावलात तर आणखी २. पहिले काही दिवस प्रत्येकी एकच मध्यम वजनाचे यंत्र घ्यावे आणि दोन विरुद्ध दोन खेळावे. पाळी ठरवण्यासाठी टाकलेल्या फाशांत हरलेली बाजू आधी हलते, म्हणजे जिंकलेल्याला पाहून हलता येते. आणि गोळीबाराचे परिणाम टप्पा संपल्यावरच धरायचे असल्याने कोसळणारे यंत्रही त्या फेरीतली आपली तोफ डागू शकते. या दोन गोष्टी चुकल्या तर खेळ एकतर्फी वाटतो. नोंदपत्रक पेन्सिलीनेच भरावे.