शाश्वत? पुरे!

प्रश्न मुलुंडच्या एका वाचकांचा. आर्थिक वाढ आणि पर्यावरण यांवरचं एक मराठी पुस्तक ते वाचताहेत. त्यात 'वृद्धी', 'विकास' आणि 'शाश्वत विकास' हे तिन्ही शब्द एकाच परिच्छेदात आले. फरक काय, आणि इंग्रजी 'सस्टेनेबल'साठी 'शाश्वत' बरोबर का?

बरोबर नाही. हा शब्द ऐकून कान किटलेत. परवा दादरला एका प्रदर्शनात 'शाश्वत पिशवी' घेतली. दोन किलो कांदे घातले आणि प्लाझापर्यंत पोचेतो बंद निसटला. शाश्वत म्हणजे ज्याला अंत नाही ते. 'अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणः' हे गीतेतलं वर्णन आत्म्याचं आहे. आत्मा वाढत नाही, झिजत नाही, त्याला पाणीपट्टी येत नाही. निरुक्तकार यास्कानं सहा भावविकार, म्हणजे जन्मापासून नाशापर्यंतच्या अवस्था, सांगितले, त्यात 'वर्धते'च्या पाठोपाठ 'अपक्षीयते' येतं. म्हणजे जे वाढलं ते झिजणारच. मग ते शाश्वत कसलं? तरी संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेली विकासाची १७ उद्दिष्टं मराठीत 'शाश्वत' होऊन बसलीत, आणि त्यांची मुदत २०३०. शाश्वताला मुदत!

'टिकाऊ' सुचवणाऱ्यांना एवढंच सांगतो, टिकाऊ चप्पल असते. हिंदीतला 'सतत विकास' आणायचा म्हणणाऱ्यांनी कुठल्याही मुंबईकराला विचारावं. आमच्याकडे त्याचा अर्थ सतत खणलेला रस्ता. आणि 'संपोषणीय'वाल्या विद्वानांनी तो शब्द एकदा भाजीवालीसमोर उच्चारून दाखवावा.

मूळ कल्पना अगदी घरगुती आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खाणखात्याचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली वनांवर पुस्तक लिहिलं. खाणी आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा तोड आणि लागवड यांचा मेळ घाला, असं त्यांचं म्हणणं. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण-विकासावरचा ब्रुंटलँड आयोग तेच म्हणाला: आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या भागवता येतील. गिरगावच्या चाळीत नळ सकाळी दोन तास यायचा. पिंपावर झाकण ठेवता ठेवता आजी म्हणायची, "पुरवून वापरा रे." आयोगाचा अहवाल तिनं तेवढ्यात आटपला होता.

आता 'पुरणे' बघा. संस्कृत 'पूरयति', म्हणजे भरतो. पोळीत भरतात ते पुरण. पोट भरलं की 'पुरे'. नदी पात्रात मावेनाशी झाली की पूर. आणि खड्डा भरताना आत जे जातं ते पुरलं जातं. (सोलापूर-नागपूरमधला 'पूर' यात ओढू नका, तो 'पुर', नगर.) गाडणे या अर्थाचं 'पुरणे' वेगळ्या धातूचं, असं माझे एक स्नेही हट्टानं सांगतात. त्यांनी होळीला स्वयंपाकघरात उभं राहावं. पारीत पुरणाचा गोळा ठेवतात, कडा वर ओढून तोंड मिटवतात, गोळा दिसेनासा होतो. हे पुरणं नाही तर काय?

आणि ही मुंबई त्याच एका धातूवर उभी आहे. सात बेटांमधल्या खाड्या पुरल्या. आज उमरखाडीत खाडी शोधून दाखवा. खाड्या पुरूनही जमीन पुरेना, म्हणून आणखी समुद्र पुरला. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पूर. पुरणे, न पुरणे, पूर! असा धातू हाताशी असताना आपण गीतेतला आत्मा उसना आणतो.

माझा शब्द 'पुरून उरणारा विकास'. एरवी आपण हे पैलवानाबद्दल म्हणतो, सगळ्यांना पुरून उरला. पण आपल्याला पुरून पुढच्यांना उरेल, ही आयोगाची अख्खी व्याख्या दोन क्रियापदांत आली की नाही? परिभाषेत बसत नाही म्हणाल, तर परिभाषा थोडी सरकवा.

अरे हो, वृद्धी आणि विकास राहिलंच. विकास म्हणजे कळीचं उमलणं, वृद्धी म्हणजे नुसतं आकारानं वाढणं. अर्थशास्त्रात उत्पन्नाचा आकडा वाढणं. घरात मूल जन्मलं की दहा दिवस पाळतात तीही वृद्धीच. 'वृद्धीदर वाढला' अशी बातमी लागली की माझी आत्या अजून विचारते, "कुणाकडे?"