अमेरिकन सैन्यातून बाहेर पडल्यावर बिहेवियरल न्यूरोसायन्समध्ये (मेंदू आणि वर्तन यांच्या अभ्यासात) पीएचडी करायची आहे. माजी सैनिकांना सोयीचा प्रोग्राम कसा ओळखावा?

तुम्ही लिहिलंय की आर्मीत सहा वर्षं काढली, सायकॉलॉजीत बॅचलर्स झालं आणि पोस्ट-९/११ जीआय बिलाच्या (माजी सैनिकांना शिक्षणासाठी फी आणि घरभत्ता देणाऱ्या सरकारी योजनेच्या) ३६ महिन्यांपैकी १४ उरलेत. मी नेव्हीत कोअरमन, म्हणजे वैद्यकीय सहाय्यक होतो. आता उंदरांमधल्या भीतीच्या स्मृतींवर काम करतोय, पीएचडीचं पाचवं वर्ष.

‘व्हेटरन फ्रेंडली’चा शिक्का आणि वेबसाइटवरचे गणवेशातले फोटो आधी बाजूला ठेवा. तो सगळा थाट बॅचलर्सला येणाऱ्यांसाठी असतो. पीएचडीत तुमची गाठ खऱ्या अर्थाने दोनच माणसांशी पडते: तुमचा गाईड आणि तुमची नोंदणी व्हीएला (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याला) कळवणारा विद्यापीठातला सर्टिफाइंग ऑफिशियल.

या दुसऱ्या माणसाबद्दल कोणी बोलत नाही, आणि मी नेमका तिथेच आपटलो. पहिली दोन वर्षं क्लास असतात, पुढे नुसते प्रबंधाचे एक-दोन क्रेडिट. घरभत्ता मिळायला अर्धवेळेपेक्षा जास्त नोंदणी लागते. पण पदव्युत्तर पातळीवर पूर्णवेळ म्हणजे किती, हे व्हीए नाही, विद्यापीठ ठरवतं. ग्रॅज्युएट स्कूलच्या लेखी मी एका क्रेडिटवर पूर्णवेळ होतो, पण आमच्या कार्यालयाने ते एक क्रेडिट तसंच, म्हणजे जेमतेम नोंदणी म्हणून, कळवून टाकलं. चार महिने भत्ता बंद. नियम माझ्या बाजूने होता, पण घरमालकाला नियम दाखवून भाडं चुकत नाही. म्हणून अर्ज करण्याआधीच ईमेलने विचारा: प्रबंधाच्या टप्प्यातलं एक क्रेडिट पूर्णवेळ म्हणून कळवता का? उन्हाळ्याचं काय? (सत्रांमधल्या सुट्टीत भत्ता मिळत नाही.) सरळ उत्तर आलं तर उत्तम. तीन कार्यालयांत टोलवाटोलवी झाली, तर तेही उत्तरच समजा.

आता पैसा. या विषयातल्या चांगल्या पीएचडीत फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. त्यामुळे यलो रिबनची (जीआय बिलाच्या मर्यादेवरची फी भरून काढणाऱ्या योजनेची) चौकशी करण्यात फार वेळ घालवू नका. ते महागड्या खासगी मास्टर्ससाठी महत्त्वाचं. फी माफ असली तरी घरभत्ता वेगळा मिळतो, कॅम्पसच्या पिन कोडनुसार, कुटुंब असलेल्या ई-५ (सार्जंटच्या पातळीचा सैनिक) च्या दराने. महिने मात्र तेवढेच खर्च होतात. तुमच्या जागी मी असतो तर ते १४ महिने पहिल्या दोन वर्षांतच, क्लास चालू असताना वापरले असते. ‘तुला जीआय बिल आहे ना, मग स्टायपेंड थोडा कमी करू’ असं सुचवणारा विभाग भेटला तर सरळ पुढे चला. पुढे एनआयएचची (सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची) पीएचडी विद्यार्थ्यांसाठीची एफ३१ फेलोशिप मिळाली तरी जीआय बिल त्याआड येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. आणि व्हीएने दिलेलं डिसेबिलिटी रेटिंग असेल, तर उरलेले महिने मोडण्याआधी चॅप्टर ३१ च्या (अशा माजी सैनिकांना नोकरीसाठी तयार करणाऱ्या व्हीएच्या योजनेच्या) काउन्सेलरला भेटा. नोकरीसाठी पीएचडीच का हवी, हे त्याला पटवावं लागतं. तयारी करून जा.

व्हीएच्या संशोधनाजवळ राहायचं असेल तर जागा आहेत. पोर्टलंडला ओएचएसयू हे आरोग्य-विज्ञान विद्यापीठ आणि व्हीए हॉस्पिटल हवेतल्या पादचारी पुलाने जोडलेले आहेत. पीटीएसडीवर (भयंकर अनुभवानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजारावर) काम करणाऱ्या, १९८९ साली सुरू झालेल्या व्हीएच्या नॅशनल सेंटर फॉर पीटीएसडीचे विभाग बॉस्टन आणि वेस्ट हेवनलाही आहेत, तिथल्या विद्यापीठांचे लोक त्यात काम करतात. पण तुम्ही सैन्यात होतात म्हणून पीटीएसडीवरच काम करायला हवं असं काही नाही. सगळे तेच गृहीत धरतात, मुलाखतीतसुद्धा. व्यसन, झोप, भूक, काहीही निवडा.

गाईडची पारख त्याच्याशी बोलून होत नाही, मुलाखतीत सगळेच गोड असतात. त्याच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठा. व्हीएची अपॉइंटमेंट मंगळवारी दुपारी दोनला आली तर काय होतं, असं विचारा. आणि प्राण्यांच्या लॅबमध्ये जाणार असाल तर एक अख्खा दिवस तिथे बसायची परवानगी मागा. भीतीच्या प्रयोगांत पायाला शॉक देतात, दचकण्याच्या प्रयोगांत अचानक मोठा आवाज सोडतात, आणि शेवटी मेंदू काढण्यासाठी उंदीर मारावे लागतात. मला सवय झाली. माझ्यासोबत लागलेला एक माजी मरीन तिसऱ्याच आठवड्यात एमआरआयच्या लॅबमध्ये गेला, आणि गाईडने त्याला एकही प्रश्न न विचारता तिकडे जाऊ दिलं. तो प्रोग्राम मी डोळे झाकून सुचवेन.