१० पैकी ३ क्रमांकाची फोटोप्रिंट लिलावात विकावी का?

तुम्ही विचारलंय की एका समकालीन फोटोग्राफरची ‘३/१०’ लिहिलेली, सही असलेली प्रिंट तुम्ही गॅलरीतून घेतली होती. ती लिलावात निघेल का, आणि ३ हा लहान आकडा असल्यामुळे जास्त भाव येईल का? मुंबईत लिलावाला येणाऱ्या कामांच्या कॅटलॉगसाठी नोंदी करणं हेच माझं काम, म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते: नाही. एचिंगमध्ये, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून काढलेल्या छापचित्रात, प्लेट झिजते, तिथे सुरुवातीच्या प्रतींना अर्थ असतो. फोटोची तिसरी प्रिंट आणि नववी प्रिंट सारखीच. एडिशन, म्हणजे ठरवून काढलेल्या मर्यादित प्रती, संपत आली की गॅलऱ्या भाव चढवतात, त्यामुळे तुम्हाला ती कदाचित स्वस्तात पडली असेल, एवढाच त्या ३ चा फायदा.

खरेदीदार विचारतो ते वेगळंच: बाकीच्या ९ कुठे आहेत? जर्मन फोटोग्राफर आंद्रेआस गुर्स्कीच्या ‘ऱ्हाइन २’ या फोटोच्या फक्त ६ प्रती. त्यांतल्या काही न्यूयॉर्कच्या मोमा, लंडनच्या टेट अशा संग्रहालयांत कायमच्या जाऊन बसलेल्या. त्यामुळे २०११ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाकडे एक आली तेव्हा ती ४३ लाख डॉलरच्या वर गेली. तुमच्या फोटोग्राफरच्या ९ प्रती जर दर दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या लिलावात दिसत असतील, तर १० हा आकडा नुसता कागदावर.

आणि १० म्हणजे नेमक्या कशाच्या १०, हेही बघा. अमेरिकन फोटोग्राफर विल्यम एगल्स्टनने २०१२ मध्ये आपल्या जुन्या गाजलेल्या फोटोंच्या ४४ बाय ६० इंची डिजिटल प्रिंट काढून क्रिस्टीजमार्फत विकल्या. ३६ प्रिंट, एकूण सुमारे ५९ लाख डॉलर. त्याच्या जुन्या, लहान डाय-ट्रान्स्फर (रंग कागदावर उतरवण्याची जुनी पद्धत) प्रिंट बाळगून असलेला एक मोठा संग्राहक खवळला आणि ‘मर्यादित म्हणून विकलंत, आता परत कसं छापता’ म्हणून कोर्टात गेला. २०१३ मध्ये दावा फेटाळला गेला: आकार वेगळा, प्रक्रिया वेगळी, म्हणजे एडिशनही वेगळी. माझ्या मते निकाल कायद्याने बरोबर असला तरी संग्राहकाचा संताप समजण्यासारखा होता. तेव्हा तुमचं प्रमाणपत्र काढा. त्यावर आकार, कागद, छपाईची पद्धत आणि ‘एपी’, म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी राखलेल्या प्रती, किती ते लिहिलंय का? १० अधिक २ एपी हे नेहमीचं. एपींचा उल्लेखच नसेल तर गॅलरीकडून लेखी मागवा.

मग प्रिंटची तब्येत. मुंबईच्या दमटपणात माझ्यासमोर वारंवार येणारं दुखणं म्हणजे काचेला चिकटलेली प्रिंट. फ्रेम करताना मधे माउंट, म्हणजे काच आणि प्रिंट वेगळी ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घातलेलं नसतं, दोन-चार पावसाळ्यांत इमल्शन, म्हणजे कागदावरचा चित्राचा थर, काचेला धरतं, आणि बाजूने टॉर्च मारला की ओल्या डागासारखा चकचकीत चट्टा दिसतो. तसं असेल तर फ्रेम घरी अजिबात उघडू नका, काचेबरोबर चित्रही निघून येईल, कलाकृती दुरुस्त करणाऱ्या कॉन्झर्व्हेटरकडे न्या. रंगीत सी-प्रिंट, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने काढलेली फोटोप्रिंट, उन्हाच्या भिंतीवर टांगलेली असेल तर ती फिकी झालेली असणार, आणि त्यावर इलाज नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. समजा २ लाखांवर हातोडा पडला. घेणारा त्यावर प्रीमियम, म्हणजे वरची ठरावीक टक्केवारी, देतो, तो लिलावगृहाला जातो, तुम्हाला नाही. तुमच्या २ लाखांतून विक्रेत्याचं कमिशन, बऱ्याचदा विमा आणि कॅटलॉगच्या फोटोचा खर्चही वजा होतो. छापून येणाऱ्या निकालात मात्र प्रीमियम धरलेला असतो. तो आकडा वाचून हिशोब करू नका. शिवाय २००७ पासून कलाकृतींच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू आहे, त्याबद्दल सीएंना विचारा.

करार करण्याआधी राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही तो आकडा, किती ठेवणार आणि प्रिंट न विकली गेल्यास काय आकारणार, हे दोन्ही लिहून घ्या. न विकलेल्या लॉटची, म्हणजे लिलावातल्या वस्तूची, नोंद इंटरनेटवर राहते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ती लगेच सापडते. म्हणून अंदाजित किंमत जरा कमीच लावलेली बरी. तेवढ्या किमतीला तुमचं मन मानत नसेल तर आधी मूळ गॅलरीलाच फोन करा. एडिशन संपलेली असेल तर त्यांच्याकडे वाट बघणारं कुणीतरी असू शकतं.