सशाचा पाय दुखावला तर

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा ससा काल मुलीच्या हातातून निसटून फरशीवर पडला. तेव्हापासून उजवा मागचा पाय टेकवतच नाही. खातो थोडंफार. पाय मुरगळला असेल का? घरीच पट्टी बांधून दोन दिवस वाट पाहिली तर चालेल का?
— वाचक, कोथरूड

उत्तर : वाट पाहू नका, आजच दाखवा. ससा दुखणं लपवतो. त्याने पाय पूर्ण उचलून धरला असेल, तर एक्स-रे होईपर्यंत हाड मोडलंय किंवा सांधा निखळलाय असंच धरून चाला. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम 7-8 टक्के असतो, मांजराचा 12-13 टक्के. त्यामुळे हाड सहज मोडतं. नडगीवर मांस कमी आणि कातडी पातळ, म्हणून तुटलेलं टोक बाहेर यायलाही वेळ लागत नाही.

घरची पट्टी मुळीच नको. पट्टी खाली आणि मोड वर असली, तर पट्टीचं ओझं लोंबकळून मोडलेली जागा आणखी हलते. पाय ओढून, वाकवून तपासणंही टाळा. ससा जेमतेम वळू शकेल एवढ्या खोक्यात जाड टॉवेल घाला, सोबत सुकं गवत ठेवा आणि रिक्षात खोकं मांडीवर घट्ट धरा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली. माणसांच्या गोळ्या देऊ नका. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तर तोंडावाटे कधीच नाही. त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो.

पुण्यात बहुतेक दवाखान्यांत कुत्री-मांजरंच जास्त येतात, म्हणून निघण्याआधी फोन करून ‘सशावर उपचार करता का, एक्स-रे आहे का’ हे विचारून घ्या. शस्त्रक्रिया ठरली आणि कुणी आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं, तर पुन्हा विचारा. सशाला उलटी होत नाही आणि पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात. म्हणूनच पायाइतकंच लक्ष लेंड्यांवर हवं. दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील, तर मध्यरात्रही असो, डॉक्टर गाठा. हाड जुळायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर छोट्या जागेत ठेवा, उड्या मारण्याजोगं काहीही नको. आणि मोकळं सोडण्याआधी दुसरा एक्स-रे काढाच.

प्रश्न : सशाच्या मागच्या टाचांवरचे केस गेलेत, कातडी लाल झालीये. मधूनच लंगडतो. पिंजऱ्याचा तळ जाळीचा आहे.
— वाचक, हडपसर

उत्तर : दोष जाळीचा. सशाच्या तळपायाला कुत्र्यासारखी गादी नसते, फक्त केस असतात. जाळी, कडक फरशी, लघवीने ओलं अंथरूण, जादा वजन आणि वाढलेली नखं यांनी सगळा भार टाचेवर येतो. जाळीवर आजच सपाट फळी टाका, तिच्यावर जाड सतरंजी आणि भरपूर सुकं गवत. ओलं झालं की लगेच बदला, पावसाळ्यात तर जास्तच. नखं दर चार-सहा आठवड्यांनी कापा. आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबा. नख काळं असेल तर मागून टॉर्च धरा. वजन जास्त असेल, तर गोळीखाद्य कमी करून हरळी किंवा सुकं गवत वाढवा. लसूणघास (अल्फाल्फा चारा) मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. खपली काढू नका, मलमही मनाने लावू नका, ससा ते चाटतो. सूज, खपली किंवा पू दिसला, तर डॉक्टरांकडेच जा. संसर्ग हाडात उतरला, तर बरं होणं फार अवघड.

प्रश्न : ससा सकाळपासून मागचे दोन्ही पाय ओढत चालतोय. पडलेला नाही.
— वाचक, सिंहगड रोड

उत्तर : तातडीने दाखवा. घाबरून जोरात लाथ झाडली तरी सशाचा कमरेचा मणका मोडू शकतो, पडणं लागत नाही. सपाट, कडक तळाच्या खोक्यात, कंबर न वाकवता न्या. लघवी होतेय का, हे डॉक्टरांना सांगा. बूड कोरडं ठेवा. ओल्या जागी माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात.