दारावरच्या कामाची मुलाखत
मोहर्ली रोडवरच्या फॅमिली रेस्टॉरंटात, दारावर गिऱ्हाईकांचं स्वागत करून त्यांना टेबलावर बसवायच्या कामासाठी मुलाखतीला जातोस ना? मग जेवणाच्या गर्दीत टपकू नको. तीन-चारच्या दरम्यान जा, तेव्हा मॅनेजर निवांत असतो. हमखास विचारतील: सगळी टेबलं भरली अन् ताडोब्याची सफारी आटोपून बारा जण उतरले, तर काय करशील? नुसतं ‘थांबा म्हणेन’ असं सांगू नको बाप्पा! नाव लिहून घेईन, पाणी देईन, दोन टेबलं जोडेन, वीस मिनिटं लागणार असतील तर वीसच सांगेन, असं म्हण. दहा सांगून अर्धा तास ताटकळवलं की माणूस चिडतेच. हिंदीही थोडी बोलून दाखव. रविवारची सुट्टी मागू नको. पगार, जेवण अन् रात्री गावी परतायची सोय मात्र तिथंच विचारून घे. अकराला एसटी मिळत नाही.