भरतीला विचारून वेळ ठरवा

ताई,
आम्ही दोघंही तिशीतले. हॉल, स्टेज, शेकड्यांनी माणसांशी गाल दुखेपर्यंत हसणं, यातलं काही आम्हाला नको आहे. समुद्रकिनारा, संध्याकाळची वेळ, जवळची आठ माणसं, आम्ही एकमेकांना दोन शब्द बोलणार आणि झालं लग्न, इतकं साधं ठरवलं होतं. पौर्णिमेची तारीख धरली आहे, म्हणजे सूर्य बुडेल आणि पाण्यातून चंद्र वर येईल. किनारा पश्चिमेकडचा आहे. परवा पाच वाजता जाऊन जागाही बघून आलो, चांगली ऐसपैस वाळू आहे. मग मी तयारीची यादी करायला बसले. ती आता ६४ गोष्टींवर गेली आहे आणि माझी झोप उडाली आहे. साधं लग्न इतकं अवघड का होतंय?
*यादीत अडकलेली*

आधी चंद्राचं सांगून टाकते, कारण तिथे तुमचा थोडा विरस होणार आहे. पौर्णिमेला चंद्र उगवतो तो सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूने. सूर्य समुद्रात बुडणार असेल तर चंद्र तुमच्या पाठीमागून, झाडांच्या नाहीतर घरांच्या वरून येणार. दोन्ही एकाच पाण्यात मिळत नाहीत. चंद्र पाण्यातूनच यायला हवा असेल तर पूर्वेकडचा किनारा शोधा. आणि शक्य असेल तर पौर्णिमेची आदली संध्याकाळ घ्या. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर आलेला असतो, आकाशात उजेड असतो, त्यामुळे फोटोत चंद्रही दिसतो आणि तुम्हीही.

पौर्णिमेची दुसरी भानगड पाण्याची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, एरवीपेक्षा पाणी बरंच वर चढतं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. याचा हिशेब असा, की आज पाच वाजता जिथे ओहोटी आहे तिथे आठवड्याने पाच वाजता भरती असते. तुम्ही परवा पाहिलेली ऐसपैस वाळू ही परवाची होती. लग्नाच्या दिवशी ती असेलच असं नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधीच तयार असतं, त्यात तुमची तारीख बघा. भरतीची वेळ आणि तुमची वेळ यांत किमान तीन तासांचं अंतर ठेवा, आणि पाणी चढत असण्यापेक्षा उतरत असलेलं बरं. ओसरत्या पाण्यामागे जी ओलसर वाळू राहते ती घट्ट असते, तिच्यावर चालता येतं, खुर्ची टेकते, आजीचा हात धरून तिला नेता येतं. वरची कोरडी वाळू दिसायला सुंदर, पण तिच्यात पाऊल घोट्यापर्यंत जातं.

प्रत्यक्ष जागेवर गेलात की आणखी एक खूण बघा. वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा यांची एक वेडीवाकडी रेघ किनाऱ्याला समांतर पडलेली असते. शेवटची भरती तिथपर्यंत आली होती. सामानाच्या पिशव्या त्या रेघेच्या वरच ठेवायच्या, पाणी कितीही लांब दिसत असलं तरी.

आता वेळ. सगळ्यांना सूर्यास्त हवा असतो आणि त्या वेळचा उजेड खरंच चेहऱ्यावर छान पडतो. पण सूर्य टेकायला आला की सुरुवात करायची, हा हिशेब फसतो. क्षितिजावर ढग किंवा धुरकट पट्टा असेल तर सूर्य पाण्याला न टेकताच नाहीसा होतो. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी सुरू करा. हात लांब करून बोटं आडवी धरा, सूर्य आणि क्षितिज यांच्यात मावणाऱ्या प्रत्येक बोटाला साधारण पंधरा मिनिटं. चार बोटं मावली की तासभर आहे समजा. घड्याळ बघणारा माणूस नेमायची गरज नाही. उभं राहताना सूर्य तुमच्या एका कुशीला राहू द्या. समोर घेतलात तर फोटोत दोघंही डोळे बारीक करून भांडताय असं वाटतं.

मला विचाराल तर मी सकाळ घेईन. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. दुपारनंतर तो सगळ्यात जोरात असतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास कुठे मंदावायला लागतो. सकाळी लवकर हवा बहुधा स्तब्ध असते. वाळू रात्रीची गार असते, किनाऱ्यावर फिरायला आलेले चार लोक सोडले तर कुणी नसतं, आणि लग्न लागल्यावर अख्खा दिवस तुमचा उरतो. संध्याकाळच्या लग्नात दिवसभर वाट बघायची आणि मग अंधारात सामान शोधायचं. अर्थात पहाटे उठण्यावरून घरात वाद होणार असेल तर राहू दे.

वाऱ्याची दिशा मात्र ध्यानात ठेवा. तो समुद्राकडून येत असेल तर तुम्ही दोघं पाण्याच्या बाजूला आणि माणसं जमिनीच्या बाजूला, म्हणजे तुमचा आवाज वाऱ्याबरोबर त्यांच्याकडे जातो. उलट उभे राहिलात तर लाटांच्या आवाजात तुमची वचनं तुमची तुम्हालाच ऐकू येतील. आठ माणसं आहेत, रांगा कशाला? हाताच्या अंतरावर अर्धगोल करून उभी करा, माइक लागणारच नाही. केस बांधा. मोकळे सोडलेत तर वारा पाचव्या मिनिटाला ते तोंडात घालतो, मग तुम्ही बोलत नाही, केस काढत असता. पायघोळ कपड्याच्या काठात आतून छोटी वजनं शिवून घ्या. वचनं सुट्या कागदावर लिहू नका, जाड पुठ्ठ्याच्या लहान वहीत लिहा. आणि शाई पाण्याने पसरणारी नको, दमट हवेत बोटाला लागते.

अंगठ्या असतील तर त्या खिशात सुट्या ठेवू नका, दोन्ही एकाच दोऱ्यात ओवून डबीला बांधा. तरी पडलीच, तर सगळ्यांनी ‘अरे कुठे गेली’ करत पुढे यायचं नाही. जो जिथे आहे तिथेच थांबायचं. एकाने पडल्या जागेभोवती बोटाने वर्तुळ आखायचं आणि कडेपासून आत मूठ मूठ वाळू उचलून पसरलेल्या ओढणीवर टाकत जायचं. अंगठी जड असते, ती लांब जात नाही. ती खोल जाते ती आपल्याच पायांनी.

कागदपत्रांचं थोडक्यात. समुद्राला साक्षी ठेवून केलेलं लग्न कायद्याच्या वहीत आपोआप चढत नाही. त्यासाठी अर्ज, साक्षीदार, अधिकृत माणूस आणि बऱ्याच ठिकाणी आगाऊ नोटीस लागते. अहो, पळून जाणाऱ्यांनाही ते चुकलं नाही. १७५४ मध्ये इंग्लंडात लग्नाचा कायदा कडक झाला आणि २१ वर्षांखालच्या मुलामुलींना घरच्यांच्या संमतीशिवाय लग्न करता येईना, तेव्हा ती सरहद्दीपलीकडे स्कॉटलंडातल्या ग्रेटना ग्रीनला पळत. तिथे लोहाराच्या ऐरणीपाशी लग्न लागे, पण दोन साक्षीदार तिथेही लागायचेच. तुम्ही राहता तिथे नोंदणी आधी उरकून घ्या आणि किनाऱ्यावर रिकाम्या डोक्याने जा. किनारा सार्वजनिक असेल तर नुसतं उभं राहायला सहसा कुणी हटकत नाही, पण खुर्च्या मांडल्या, कमान उभी केली, स्पीकर लावला की परवानगीचा प्रश्न येतो. ड्रोनचा तर वेगळाच. जे काही मिळेल ते लेखी घ्या.

फुगे, चमकीचा चुरा, आकाशकंदील यांतलं काही यादीत असेल तर आत्ताच खोडा. ते उडून पाण्यात जातं आणि परत आणायला कुणी जात नाही. किनाऱ्यावर कासवं अंडी घालत असतील तर रात्रीचे दिवेही नकोत. पिल्लं उजेडाच्या दिशेने निघतात आणि समुद्राऐवजी भलतीकडे पोचतात.

पावसाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ६४ पैकी निम्म्या ओळी त्याच्याच असणार. उत्तर एकच आहे: चालत जाता येईल अशी एक छपराची जागा आधीच बोलून ठेवा आणि तिथे लग्न लागलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही, हे दोघांनी आजच ठरवा. गडगडाट ऐकू आला तर मात्र चर्चा नाही, लगेच किनारा सोडायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत फिरकायचं नाही. उघड्या वाळूवर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

यादीचं असं करा. प्रत्येक ओळीपुढे लिहा, ही वस्तू वाळूवरून कोण उचलून नेणार आणि कोण परत आणणार. नाव सुचत नाही ती ओळ गेली. माझा अंदाज आहे की पंधराच्या वर उरणार नाहीत.

सप्रेम नमस्कार,
माझा मुलगा आणि होणारी सून समुद्रकाठी लग्न करणार आहेत, फक्त सहा माणसांत. आम्ही दोघं त्या सहांत आहोत. पण माझी तीन भावंडं नाहीत. मुलाला मी अंगाखांद्यावर खेळवला तितकाच त्यांनीही. मी त्यांना काय तोंड दाखवू? गुपचूप उरकून नंतर सांगावं असं मुलगा म्हणतो.
*मधल्यामध्ये सापडलेले बाबा*

बाबा, तुमची अडचण खरी आहे आणि तिच्यावर गुपचूप हा उपाय नाही. ‘बोलावलं नाही’ हे माणसं पचवतात. ‘फोटो बघून कळलं’ हे नाही पचवत. तीन भावंडांना लग्नाच्या आधी कळलं पाहिजे, आणि ते तुमच्याकडून नाही, मुलाकडून. त्याने स्वतः फोन करावा, मेसेज नाही. वाक्य लांबवू नये: आम्ही लग्न करतोय, फार थोड्या माणसांत करतोय, तुम्ही त्यात नाही आहात, पण बातमी माझ्या तोंडून तुम्हाला कळावी म्हणून फोन केला. कारणांची माळ लावली की समोरचा एकेक कारण खोडायला बसतो. ‘समजा आम्ही स्वखर्चाने आलो तर?’ इथपर्यंत गोष्ट जाते.

तुमच्या वाट्याचं काम वेगळं आहे. भावाचा रागाचा फोन तुम्हाला येईल, तेव्हा ‘मलाही पटलेलं नाही, पण पोरं ऐकत नाहीत’ असं म्हणू नका. त्याने तुम्ही सुटता, सून अडकते. ‘हो, त्यांनी तसं ठरवलंय आणि मी जाणार आहे’ एवढंच म्हणा.

सहाचे नऊ करा, असा हट्ट मी तुमच्या बाजूने धरणार नाही. तुमची तीन आली की तिच्याकडची तीन येतात, मग त्यांचे नवरे-बायका, आणि ते लग्न राहत नाही, तुम्हाला ठाऊक असलेलं दुसरंच काहीतरी होतं. त्याऐवजी मुलाला सांगा, घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात एकेका काका-आत्याकडे दोघांनी जाऊन बसावं, आणि पहिले फोटो कुठेही टाकण्याआधी या तिघांना दाखवावेत. गर्दीत पाच मिनिटं भेटण्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे, आणि आत्याला ते कळतंही, कबूल करायला मात्र तिला वेळ लागेल.

ताई, मैत्रिणीच्या किनाऱ्यावरच्या लग्नात पाचच माणसं आहोत. मी साक्षीदार आहे, फोटो मीच काढायचेत आणि दोन शब्द बोलून त्यांचं लग्न लावायचंही मीच. नाही म्हणवत नाही.
*एकटीच करवली*

म्हणवत नसेल तरी म्हणा. साक्षीदार आणि बोलणारी, ही दोन कामं एका माणसाला जमतात. बोलता बोलता फोटो काढता येत नाहीत. कॅमेरा तिसऱ्या कुणाकडे द्या, किंवा मैत्रिणीला एक तासासाठी फोटोग्राफर घ्यायला सांगा. तेही होणार नसेल तर फोन तिपाईवर लावून व्हिडिओ चालू करा, तिपाईच्या मध्यावर वाळू भरलेली पिशवी लटकवा म्हणजे वाऱ्याने पडणार नाही, आणि तुम्ही विसरून जा. कॅमेरा नेलातच तर लेन्स वाळूवर बदलायची नाही, घरून निघताना जी लावली ती लावली. परत आल्यावर ओलसर मऊ कापडाने खार पुसा.

आणि कुणी हौसेने ‘गुडघाभर पाण्यात जा ना, मस्त येईल’ म्हणालं तर अडवायचं काम तुमचं. भिजलेला पायघोळ कपडा पायात अडकतो, जड होतो, आणि कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या माणसाची पाठ लाटेकडे असते. घोट्यापर्यंत पुरे.